जुनी स्नोमोबाइल पेट्रोल ढोसतेय, मेन जेट छोटं करू का?

बर्फाळलेला
मंडळी नमस्कार. गाडी (बर्फावर रबरी ट्रॅकवर धावणारी स्नोमोबाइल) १९९६ची आहे, टू-स्ट्रोक ट्विन, ५०० सीसी, लिक्विड कूल्ड, दोन मिकुनी व्हीएम कार्ब (कार्ब्युरेटर), ऑइल इंजेक्शन. दोन सीझनपूर्वी सेकंडहँड घेतली, चालते एकदम मस्त, एका ओढीत स्टार्ट होते, ताकदीची तक्रार नाही, पण पेट्रोल असं पिते की विचारू नका. ४० लिटरची टाकी आणि ११५-१२० किमीला काटा तळाला. म्हणजे लिटरला जेमतेम ३. मित्राची गाडी साधारण ह्याच वयाची, तेवढ्याच सीसीची, आम्ही एकाच ट्रेलवर एकामागे एक जातो आणि तो आरामात साडेचार-पाच काढतो. परत येताना दर वेळी मी त्याच्याकडे कॅनमधलं मागतो, आता लाज वाटायला लागली.
प्लग काळे निघतात म्हणजे रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालतेय एवढं मला कळतं. मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) २८० आहे, २६०ची जोडी मागवून ठेवलीय. घालू का सरळ? ॲव्हरेज किती वाढेल?

जुना मिस्त्री
थांब रे बाबा, जेट डब्यातच राहू दे.
तू ट्रेलवर ५०-६०ने जातोस तेव्हा थ्रॉटल किती उघडा असतो? पाव, फार तर अर्धा. तिथे मेन जेटचा काही संबंधच नाही. अगदी बंद ते पाव पायलट जेट आणि स्लाइडचा (थ्रॉटलबरोबर वर सरकणारी झडप) कटअवे, पाव ते पाऊण सुई आणि ती ज्याच्यात वरखाली होते ते नीडल जेट, आणि पाऊणच्या पुढे मेन. म्हणजे २६० घातलंस तर जिथे तू पेट्रोल जाळतोयस तिथे काडीचा फरक नाही पडणार, आणि ज्या दिवशी मोकळ्या तळ्यावर पूर्ण थ्रॉटल देशील त्या दिवशी पिस्टन वितळेल. टू-स्ट्रोकमध्ये ते जास्तीचं पेट्रोल पिस्टनला थंडही ठेवतं हे विसरू नको. चोर सोडून संन्याशाला फाशी.
अजून एक. जुन्या गाडीत क्रँकचं सील गळत असेल तर तिथून हवा आत जाते आणि मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी). आधीच्या मालकाने ते दुरुस्त करायच्या ऐवजी मोठं जेट घालून वेळ मारून नेलेली असते, हे मी स्वतः दोन-तीन गाड्यांत बघितलंय. अशा गाडीत जेट छोटं करणं म्हणजे कल्याणच. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम पटकन खाली येतात की वरच रेंगाळतात, ते बघ आधी.
आणि हे सांग:
दोन्ही प्लग सारखेच काळे आहेत का?
मित्राच्या बरोबरीने जाताना तुझे आरपीएम किती, त्याचे किती?
किमी कशाने मोजलेस?

हिमवेडी
शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे हो. स्नोमोबाइलचा ओडोमीटर जमिनीवरचं अंतर मोजतच नाही, तो ट्रॅक फिरवणाऱ्या ॲक्सलचे फेरे मोजतो. भुसभुशीत बर्फात ट्रॅक जागेवर घसरला तरी तिथे किमी वाढतात. त्यात कोणी ॲक्सलवरचे ड्रायव्हर (ट्रॅक ओढणारी दातेरी चाकं) बदलले असतील, म्हणजे ९ दात्यांच्या जागी ८ दात्यांचे बसवले असतील, तर तेवढ्याच अंतराला ॲक्सल जास्त फिरतो आणि मीटर जास्त दाखवतो. फोनवर जीपीएस लावून एक फेरी मार. टाकी दोन्ही वेळा गाडी सपाटीवर ठेवूनच काठोकाठ भर, उतारावर उभी करून भरली तर दोन-तीन लिटर इकडे तिकडे होतात.

गारठा
१९९६ची गाडी आणि ॲव्हरेज??? 😂 फोर-स्ट्रोक घ्या नाहीतर डायरेक्ट इंजेक्शनवाली घ्या, विषय संपला.

जुना मिस्त्री
@गारठा, नवी गाडी घ्यायची असती तर त्याने धागा कशाला काढला असता. पण मुद्दा खरा आहे, कार्बवाल्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतं तेव्हा एक्झॉस्ट पोर्ट उघडंच असतं, त्यामुळे पाव हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही जास्त, न जळता तसंच बाहेर जातं. २००९ला स्नोमोबाइलमध्ये ई-टेक (डायरेक्ट इंजेक्शनचं टू-स्ट्रोक इंजिन) आलं त्यात पोर्ट बंद होत असताना थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारतात म्हणून तो फरक. ह्या गाडीचं ते कधीच होणार नाही. पण ३ आणि ४.७ मधला फरक हा डिझाइनचा नाही, बिघाडाचा आहे, मित्राची गाडी पण कार्बवालीच आहे ना.

बर्फाळलेला
सगळ्यांना धन्स. आज फेरी मारून आलो. ओडोमीटर ११८ म्हणतो, जीपीएस १०५!! पेट्रोल गेलं ३९ लिटर. म्हणजे ३ पण नाही, २.७. रडू की हसू.
खाली वाकून बघितलं तर ड्रायव्हर खरंच ८ दात्यांचे. आधीच्या मालकाने खोल बर्फासाठी दोन इंची लगांचा (लग म्हणजे ट्रॅकवरचे रबरी उंचवटे) ट्रॅक टाकलेला आहे, तेव्हा बदलले असणार.
आरपीएम: सोबत चालताना माझे ५८००, त्याचे ५००० च्या आसपास.
प्लग: सारखे नाहीत. क्लचच्या बाजूचा कोरडा, गडद तपकिरी. मॅग्नेटोच्या बाजूचा काळाकुट्ट आणि ओला, पुसला तर बोटाला पेट्रोलचा वास.
थ्रॉटल सोडला की आरपीएम लगेच पडतात, रेंगाळत नाहीत.

जुना मिस्त्री
हां, आता कसं. एकच सिलिंडर ओला म्हणजे जेटिंगचा प्रश्न नाही हे तर उघडच आहे, दोघांना जेट सारखीच आहेत. एका बाजूला कुठून तरी फुकटचं पेट्रोल येतंय. माझा क्रम असा असतो:
पहिला संशय फ्युएल पंप. तो क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यावर चालतो, एक बारीक नळी क्रँककेसवरून पंपाला जाते. आतला पडदा फाटला की पेट्रोल त्या नळीतूनच उलटं क्रँककेसमध्ये ओढलं जातं, आणि नळी ज्या सिलिंडरची तो सिलिंडर ओला. नळी काढून बघ, आत कोरडी हवी, पेट्रोल दिसलं की पंप गेला.
दुसरा, फ्लोटची सुई. गाडी उभी असताना ओव्हरफ्लोच्या नळीतून टपकतं का, गॅरेजमध्ये वास येतो का.
तिसरा चोक. मिकुनीच्या ह्या कार्बमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नसते, पेट्रोलचा वेगळा मार्ग असतो आणि तो एका छोट्या प्लंजरने बंद होतो, प्लंजरच्या बुडाला रबर असतं. रबर कापलं गेलं किंवा केबल ताणलेली राहिली की चोक चोवीस तास थोडा उघडा. लिव्हर खाली आहे म्हणून आपण निर्धास्त.

काळा प्लग
मिस्त्रींशी सहमत, माझी पैज चोकवर. दोन कार्बला एकाच लिव्हरच्या दोन केबल असतात आणि एक नेहमी दुसरीपेक्षा घट्ट असते. लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्ही केबलला मिलिमीटरभर तरी ढील हवी.

टाकीभर
मी टाकीत एक लिक्विड टाकतो, ॲव्हरेज वाढवणारं, बाटलीवर २० टक्के लिहिलंय. चांगलं आहे.

हिमवेडी
@टाकीभर आधी आणि नंतर जीपीएसने मोजलंत का?

टाकीभर
मोजलं नाही पण गाडी स्मूथ वाटते.

जुना मिस्त्री
😑

बर्फाळलेला
काळा प्लग, पैज जिंकलात. पंपाची नळी कोरडी ठणठणीत. फ्लोट ठीक. मॅग्नेटोच्या बाजूची चोक केबल सतारीच्या तारेसारखी ताणलेली, आणि प्लंजर बाहेर काढला तर बुडाच्या रबरावर गोल खाच पडलेली, एका बाजूने तुकडाच उडालाय. दोन सीझन मी अर्धवट चोकवर हिंडतोय!! आणि एका ओढीत स्टार्ट होते म्हणून कौतुक करत होतो 🤦
दोन्ही प्लंजर नवीन टाकले, केबलला ढील दिली, नवीन प्लग घातले. तोच ट्रेल, जीपीएसने ३.२. दोन्ही प्लग आता सारखे दिसतात पण दोन्ही अजून गडदच आहेत. मित्र अजून पुढेच आहे.

काळा प्लग
दोन्ही सारखे गडद म्हणजे आता नीडल जेटकडे बघ. सुई तिथे हजारो तास थरथरत असते, पितळेचं भोक गोलाचं अंडाकृती होतं, आणि बरोबर पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये जास्त पेट्रोल सुटतं, म्हणजे जिथे आपण सगळा दिवस चालवतो तिथेच. सुई स्टीलची असते तरी तिच्यावरही घासल्याची चमकती पट्टी दिसते. डोळ्याला भोक गोलच वाटेल, नवीन शेजारी धरून उजेडात बघ. सुई आणि जेट जोडीनेच बदल, आणि त्याच नंबरची.
एअरबॉक्स (कार्बला हवा देणारा डबा) पण उघड. उन्हाळाभर उभ्या गाडीत उंदीर घर करतात, हवा कमी झाली की मिश्रण आपोआप रिच.

फिरस्ता
सुई बदलायच्या आधी तिच्यावरच्या क्लिपची खाच बदलून बघा की, फुकटचं काम आहे. क्लिप एक खाच खाली सरकवा म्हणजे लीन होईल.

काळा प्लग
उलटं! क्लिप खाली सरकवली की सुई वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. लीन करायला क्लिप वरच्या खाचेत, म्हणजे सुई खाली बसते. कृपया हे वाचून कोणी उलटं करू नका. आणि घासलेल्या नीडल जेटवर क्लिपने लीन करायचं म्हणजे भोक पडलेल्या बादलीला नळ बारीक करायचा, एका थ्रॉटलला बरोबर येतं आणि दुसऱ्याला बिघडतं.

फिरस्ता
अरेच्चा हो, चुकलंच. सॉरी.
मग ऑइल पंप कमी करून चालेल का? धूर खूप येतो म्हणत होते ना सुरुवातीला.

जुना मिस्त्री
धूर कोणी म्हणालंच नाही, आणि ऑइलला हात लावू नका. पंपाच्या लिव्हरवर खूण असते ती पंपाच्या बॉडीवरच्या खुणेशी जुळते का एवढंच बघायचं, जुळत नसेल तर केबल ॲडजस्ट करून जुळवायची. ऑइल वाचवून ॲव्हरेज वाढत नाही, क्रँकचं बेअरिंग मात्र जातं.
जे लोक टाकीतच ऑइल मिसळतात त्यांच्यासाठी एक गंमत सांगतो. ऑइल जास्त घातलं की गाडी रिच होते असं सगळ्यांना वाटतं. होतं उलटं. जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल कमी आणि ऑइल जास्त, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, म्हणजे लीन. धूर दिसतो म्हणून आपण फसतो.

बेल्टबहाद्दर
उशिरा येतोय. सगळे कार्बमध्येच डोकं घालून बसलेत पण त्याने वर आरपीएम लिहिलेत ते कोणी वाचलेच नाहीत. बरोबरीच्या वेगाला ८०० आरपीएम जास्त! ८ दात्यांच्या ड्रायव्हरमुळे गिअरिंग खाली आलंय त्याचा थोडा वाटा असेल, पण क्लच ते बरंचसं भरून काढतो. सेकंडरी क्लच (बेल्टने फिरणारा, ट्रॅककडचा) भाराप्रमाणे हलतो, ओढायला जड गेलं की त्यातला तिरका घाट, म्हणजे हेलिक्स, बेल्टला परत खालच्या रेशोला आणतो आणि इंजिन वर फिरतं. म्हणजे एक तर क्लच अडकतोय, नाहीतर गाडीला काहीतरी मागे ओढतंय. दोन्हीत पेट्रोल जातं आणि कार्ब कितीही चांगला केलास तरी ते जाणारच.
हे कर. इंजिन बंद, बेल्ट काढ, मागची बाजू उचलून भक्कम स्टँडवर ठेव आणि ट्रॅक हाताने फिरव. जड असतोच, पण एकसारखा फिरायला हवा, कुठे अडकणं नको, घरघर नको. मग एक एक बोगी चाक (ट्रॅकच्या आतलं आधाराचं चाक) बोटाने फिरव. मग ब्रेकची डिस्क. गाडी चालवून आल्यावर ब्रेक न लावता घरंगळत थांब आणि कव्हर उघडून डिस्कवर चिमूटभर बर्फ टाक. चर्र झालं की समज.
ट्रॅकचा ताण पण बघ. मधोमध ७ किलोच्या आसपासचं वजन लटकवलं की ट्रॅक स्लायडरपासून किती खाली येतो ते मोजतात, बऱ्याच गाड्यांना ३० ते ५० मिमी असतं, तुझा आकडा मॅन्युअलमध्ये बघ. लोक दात्यावरून उडी मारतो म्हणून घट्ट करत जातात आणि मग तो गिटारसारखा होतो.
बेल्टची रुंदी मोज, नव्यापेक्षा ३ मिमी कमी झाली असेल तर फेक. क्लचच्या तबकड्यांवर बेल्टची काळी भुकटी बसते ती पुसून काढ. प्रायमरी क्लचचे (इंजिनकडचा) रोलर आणि वजनांवर चपटे डाग दिसले तर ते बदलायचे, डाग पडले की क्लच झटक्याने सरकतो.

हिमवेडी
@बेल्टबहाद्दर +१. आणि स्लायडर! रुळाखालची ती प्लास्टिकची पट्टी बर्फाने ओली राहिली तरच ट्रॅक तिच्यावरून घसरतो. टणक, बर्फाच्या काचेसारख्या झालेल्या ट्रेलवर उडणारा बर्फ नसतो, पट्टी तापते, चिकट होते. माझ्या गाडीला मी स्क्रॅचर लावलेत, तारेसारखे असतात, ट्रेल खरवडून बर्फाचा भुगा आत उडवतात. स्लायडरचं आयुष्य तर वाढलंच, इंजिनचं तापमानही खाली आलं कारण तोच भुगा टनेलमधल्या (ट्रॅकवरचा पत्र्याचा बोगदा) हीट एक्स्चेंजरवर पडतो.

गारठा
वाखु (वाचनखूण) साठवली. चेष्टा करायला आलो होतो, वहीत लिहून घेतोय.

बर्फाळलेला
उशीर झाला, पार्ट यायला वेळ लागला. क्रमाने सांगतो.
नीडल जेट आणि सुया बदलल्या. जुनं नवीन शेजारी धरलं तर फरक दिसतो, न सांगता दिसला नसता. एअरबॉक्समध्ये उंदीर नव्हता, पण फोमचा तुकडा सुटून अर्धं तोंड अडवून बसलेला. प्लग आता कॉफीच्या रंगाचे. ३.५.
मग बेल्टबहाद्दर यांचं. डिस्कवर बर्फ टाकला आणि असा चर्र आवाज झाला की मित्र हसायला लागला. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला, पॅड कायम घासत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ट्रॅक हाताने फिरतच नव्हता, खांद्याने ढकलावा लागला. मागच्या चाकांपैकी दोघांची बेअरिंग जाम, ती चाकं फिरतच नव्हती, ट्रॅक त्यांच्यावरून घासत जायचा, एका बाजूने सपाट झालीयेत. आणि ताण अर्थातच गिटार. बेल्ट ठीक निघाला, प्रायमरीचे रोलर बदलले कारण उघडलंच होतं.
कॅलिपर खोलून साफ केला, सील नवीन टाकलं, चार बेअरिंग टाकली, ट्रॅक मॅन्युअलप्रमाणे ढिला करून मागून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं केलं.
त्याच ट्रेलवर आरपीएम ५२००. जीपीएसने ४.३!
काल पहिल्यांदा मित्राने माझ्याकडे पेट्रोल मागितलं, तो भरायला विसरला होता, पण मी मोजणार 😄

बेल्टबहाद्दर
वा! उरलेला फरक त्या दोन इंची लगांचा. टणक ट्रेलवर उंच लग वाकतात, परत सरळ होतात, आणि त्यात ताकद जाते. ट्रॅक झिजेपर्यंत वापर, मग छोट्या लगांचा घे. ह्यासाठी आत्ता बदलू नकोस.
आणि थांबलास की टनेल आणि सस्पेन्शनमधला गोठलेला बर्फ ठोकून काढत जा, तो मोठाच्या मोठा ढेकूळ दिवसभर फुकट वाहून नेतोस.

हिमवेडी
आणि पेट्रोल इथेनॉलवालं आहे का बिनइथेनॉलचं, तेही लिहून ठेवा मोजताना. १० टक्के इथेनॉलमध्ये ऊर्जाच साधारण ३ टक्के कमी असते, तेवढ्या फरकावरून उगाच कार्ब उघडाल.

फिरस्ता
त्या २६०च्या जेटचं काय केलंत? मला हवी होती 😬

बर्फाळलेला
@फिरस्ता, घ्या पण आधी क्लिप कुठे सरकवायची ते पाठ म्हणून दाखवा.
जेटचीच गोष्ट सांगायला आलो होतो. ह्या आठवड्यात पारा उणे ३०ला जातोय. मॅन्युअलमधला जेटिंगचा तक्ता पहिल्यांदा नीट वाचला. समुद्रसपाटीला उणे ३०ला २९० लिहिलंय, आणि आधीचा मालक खूप उंचावर चालवायचा म्हणून २८० ठेवून गेला असावा, मी तर जवळजवळ समुद्रसपाटीला आहे.

जुना मिस्त्री
बरोबर आहे तक्ता. शून्यापासून उणे ३०ला हवा साधारण १२ टक्के घट्ट होते, तेवढ्या हवेला पेट्रोल पण जास्त लागतं. आणि उंचीवर दर ३०० मीटरला ३ टक्क्यांच्या आसपास विरळ. घाल २९०. पहिल्या फेरीत पूर्ण थ्रॉटल देऊन तिथेच इंजिन बंद कर, प्लग काढून चिनीमातीच्या अगदी बुडाचा रंग बघ, टोकाचा नाही.

बर्फाळलेला
घातलं. बुडाला तपकिरी कडी दिसतेय, फोटो टाकतो संध्याकाळी. आज १०४ किमी, २४ लिटर.

काळा प्लग
म्हणजे मेन जेट मोठं करूनही ४.३च!

जुना मिस्त्री
मग, पहिल्याच प्रतिसादात काय लिहिलं होतं मी.